बलसाड पॅसेंजरचा शेवटचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार

डहाणूला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होतो तेव्हा रोजची नोंद लिहायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. फक्त नोंदायला गाड्या उरल्या नाहीत. सकाळी ताडी बरी होती की आंबट, बायकोने, म्हणजे सुकीने, गोळ्या घेतल्या की नाही, गावात कोण गेलं. असलं किती लिहिणार? आज मात्र खरोखर गाडी आलीय.

शितलने आणली. शितल म्हणजे आमच्या लेकीची, निर्मलाची मुलगी, वापीला कंपनीत आहे. आजा, तुझा वाढदिवस, म्हणाली आणि खोकं पुढे केलं. आमच्यात कोणी जन्मतारीख लिहून ठेवली होती? रेल्वेत लागताना साहेबाने अंदाजाने टाकली, तीच तारीख धरून पोरगी दरवर्षी काहीतरी आणते. खोक्यात काळं कुळकुळीत वाफेचं इंजिन, पुढून गोल नाकाचं, वीतभरापेक्षा थोडं लांब. बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सत्त्याऐंशीला एक असं माप आहे म्हणे. म्हणजे इंजिनावर जे जे आहे ते सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजून.

सुकीची खाट आता बाहेरच्याच खोलीत आहे. हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, पाय सुजतात, आतल्या खोलीतून इथवर यायलाही धाप लागते. डॉक्टरने निर्मलाला बाजूला घेऊन काय सांगितलं ते निर्मला मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही. मी ठरवलं, खाटेसमोर प्लायवूडचं टेबल टाकायचं, रूळ मांडायचे आणि लाइनवर वीज यायच्या आधीची बलसाड पॅसेंजर जशीच्या तशी उभी करायची. आता वलसाड म्हणतात, आमच्या तोंडी बलसाडच. सुकी पडल्या पडल्या बघेल. तिला तेवढाच विरंगुळा.

८ नोव्हेंबर, शनिवार

इंजिन देखणं आहे, पण त्याच्यामागे लावायचं काय? शितलने फोनवर डबे दाखवले. पहिले हिरवे, परदेशातले. दुसरे निळे. निळे डबे किती उशिरा आले! वाफेच्या इंजिनामागे ते लावणं म्हणजे नऊवारीवर जीनचं जाकीट घालण्यासारखं. तिसरे रंगाने बरे होते, विटकरी लाल, पण लांबीला आखूड. वळण छोटं असेल तर लांब डबे घासतात, म्हणून कंपन्या डबेच कापून विकतात. रूपाने डबा, मापाने खोका. खरा डबा अडुसष्ट फुटांचा, म्हणजे या मापात साडेनऊ इंचांना जरा कमी. आठ इंचांचा डबा मी घरात येऊ देणार नाही, असं सांगून टाकलं.

सुकी खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, "मला बघायला झरीला आलास तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतंस."

तेव्हा बघायला दिलं कुठे होतं, म्हटलं. शितल हसून हसून बेजार झाली. आमच्या वारली घरांत नवऱ्याला अहो-जाहो नसतं. रेल्वेच्या कॉलनीत असताना शेजारच्या बायकांना सुकीच्या 'तू'चं फार नवल वाटायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्यात एक माणूस मापात डबे बनवून देतो असं कळलं. फोनवर खूप वेळ बोललो. मोठा हट्टी माणूस आहे, म्हणजे माझ्याच जातकुळीतला. त्यालाही एकच दुःख, आपला खरा रूळ साडेपाच फुटांचा, आणि या मापाचा म्हणून बाजारात मिळतो तो त्याहून अरुंद. डबे खरे, पण रूळ खोटा. चालवून घ्यायचं.

गाडी अशी लावायची ठरली: इंजिन, चार तिसऱ्या वर्गाचे डबे, शेवटी गार्डचा आणि सामानाचा डबा. त्या डब्याबद्दल पुणेकराला मी सगळं सांगितलं. घोलवडचे चिकू त्यातून जायचे, मासळीच्या टोपल्या जायच्या, कधी मढंही जायचं. मढ्याला माणसांत जागा नाही. डॉक्टरचा कागद करून सामानात न्यायचं, कागद नसेल तर गार्ड पुढच्या स्टेशनात उतरवून ठेवणार, मग पोलीस, पंचनामा. नवं लग्न झालं तेव्हा मी मोठ्या रुबाबात सुकीला रेल्वेचे नियम सांगायचो. हा नियम ऐकून बिचारीला झोप लागली नव्हती.

फोन ठेवला तर सुकी म्हणते, शेवटचा डबा चुकला. अर्धा सामानाचा होता आणि अर्धा बायकांचा, मधे लाकडाची भिंत. मी म्हटलं, अगं, मी रोज त्या गाडीसाठी रुळांचे सांधे बदलायचो, मला तू सांगणार? तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. रुसायची सवय काही जात नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

डबे आले. काय सांगू! खिडक्यांच्या लाकडी झडपा, छतावरचे हवेचे भोंगे, दारावर तिसऱ्या वर्गाच्या तीन उभ्या रेघा. एकेक हातात घेऊन मोजला. बरोबर.

वळणावर मात्र डब्याचा कोपरा फलाटाला घासला. शितल म्हणाली, आजा, म्हणूनच आखूड डबे घेतात. मी कानस काढली आणि फलाट घासून कमी केला. फलाट कमी झाला तर चालेल, डबा नाही. स्टेशनं कागदावर लिहून टेबलाच्या कडेने चिकटवली: वलसाड, वापी, भिलाड, संजाण, उंबरगाव, घोलवड, डहाणू रोड. शेवटचा फलाट बरोबर सुकीच्या उशासमोर.

संध्याकाळी पहिली फेरी. इंजिनातून बारीक छुक्छुक् येते, धूर नाही तेवढं बरं. सुकी उशीला टेकून बसली. चेहरा असा खुलला की मला झरीची पोरगी दिसली. मी बटण हळूहळू फिरवत गाडी डहाणूला आणली आणि इंजिन जिथे पाणी घ्यायचं अगदी तिथे उभं केलं. मोठ्या ऐटीत वळून बघितलं तर सुकीने डोळे मिटून घेतलेले, पदर तोंडावर.

बहुतेक थांबताना हिसका बसला. बटण अजून हळू फिरवायला हवं.

२ डिसेंबर, मंगळवार

आठवडाभर जोडण्यांवर खपलो. आता गाडी अशी थांबते की छतावर ठेवलेला तांदळाचा दाणा हलत नाही. तरी सुकीचं तेच. गाडी फिरत असली की खूष, माझ्याशी गप्पा, डहाणूला थांबली की खलास. आज तर म्हणालीच, "थांबवू नको ना रे. फिरू दे."

पॅसेंजर गाडी आहे, स्टेशनात थांबणार नाही तर काय मेल आहे, असं मी चिडून बोललो. मग वाईट वाटलं. आजारी माणसाशी असं बोलायचं?

शितल आज यायची होती ती आली नाही. वाढवणच्या बंदराविरुद्ध मोर्चा होता, चारोटीलाच बस अडकली म्हणे.

७ डिसेंबर, रविवार

तुक्याबद्दल लिहावं की नाही, विचार करत होतो. लिहितो. हीच गाडी का लावली, असं शितलने विचारलं म्हणून.

तुक्या आमचा पहिला पोरगा. एकाहत्तर साली त्याला ताप चढला, उतरेना. मला रजा मिळाली नाही. सुकी आणि माझी बहीण भिकी त्याला घेऊन बलसाडच्या इस्पितळात गेल्या आणि दोन दिवसांनी दुपारच्या पॅसेंजरने परत आल्या. मी डहाणूला ड्युटीवर होतो. डब्याचं दार मीच उघडलं. तुक्या गुंडाळलेला, सुकी म्हणाली झोपलाय. मी त्याला खांद्यावर घेतला, इंजिनाला पाणी भरत होते ते दाखवलं, मास्तरांकडे सुटी मागितली आणि घरी नेला. घरी येऊन खाली ठेवतो तर गेलेला. माझ्या खांद्यावर गेला, वाटेत कधीतरी, मला कळलंही नाही. खूप वर्षं त्याच एका गोष्टीवर मी जगलो. परक्या गावी नाही, औषधाच्या वासात नाही, बापाच्या खांद्यावर गेला. निर्मला नंतर तीन वर्षांनी झाली.

पण ही गाडी त्याच्यासाठी नाही लावली. गाडी देखणी होती म्हणून लावली. शितलला तसंच सांगितलं. सुकी ऐकत होती. मग मधेच म्हणाली की त्या बायकांच्या अर्ध्या डब्यात खिडकीच्या झडपेची एक पट्टी तुटलेली होती, खालून तिसरी. पट्टी! एवढं बारीक कोणाला आठवतं? पुणेकराला विचारलं तर म्हणाला, असे अर्धे-अर्धे डबे त्या लाइनला होते, फोटो पाठवतो. फोटो आला. च्यायला, होते.

तरी आपल्या गाडीला होता कशावरून? साक्षीदार पाहिजे.

१६ डिसेंबर, मंगळवार

साक्षीदार मिळाला. भिकी आली होती सुकीला बघायला, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा अंगारा घेऊन. तीही आता काठी टेकत चालते, पण जीभ शाबूत आहे. पुणेकराने अर्धा-अर्धा डबा घाईने करून पाठवलाय, तो सकाळीच आला होता. मी मुद्दाम भिकीच्या हातात दिला आणि विचारलं, तुम्ही दोघी तुक्याला घेऊन आलात तेव्हा शेवटचा डबा असाच होता का?

तिने डबा डोळ्यांजवळ नेला आणि रडायलाच लागली. म्हातारी झाली, कशानेही रडते. मग म्हणाली, "असाच. भिंतीपलीकडे सामान. सुकी त्या भिंतीला पाठ लावून बसली होती, पोराला छातीशी घट्ट धरून. भिलाडपासून कोणाला तोंड बघू दिलं नाही. म्हणायची, या रेल्वेवाल्यांना कळलं तर पोराला पलीकडे टाकतील."

सुकीला झोप लागली होती. भिकीने एकदम तिच्याकडे बघितलं, डबा खाली ठेवला आणि चहासुद्धा न घेता गेली.

असो. डबा खरा ठरला. सुकी बरोबर होती, मी चुकलो, उद्या कबूल करतो. खालून तिसरी पट्टी ब्लेडने तोडून टाकली. पोराला सामानात कशाला टाकतील? काहीतरीच बोलते भिकी.

२० डिसेंबर, शनिवार

चार दिवस लिहायला बसलो नाही. हात जात नव्हता.

सतरा तारखेला नवा डबा जोडून गाडी सोडली. वापी गेली. भिलाडच्या कागदापाशी शेवटचा डबा आला आणि माझा हात बटणावरच राहिला. मढ्याला माणसांत जागा नाही. कागद नसेल तर गार्ड पुढच्या स्टेशनात उतरवतो. मीच सांगितलेला नियम. मीच, माझ्या तोंडाने, नव्या युनिफॉर्मात, तिच्यापुढे शहाणपणा करत.

भिलाडला गेला तो. माझ्या खांद्यावर नाही. भिलाड, संजाण, उंबरगाव, घोलवड, एवढी स्टेशनं ती त्याला मांडीवर घेऊन बसली, न रडता, कारण रडली असती तर गार्डला कळलं असतं. तो गार गार होत चालला होता आणि शेजारच्या बायकांना ती सांगत होती झोपलाय. माझ्यापर्यंत आणायचा होता तिला. मग मी दार उघडलं, दात काढून हसत. मलाही तिने तेच सांगितलं. मी त्याला इंजिन दाखवलं. अरे देवा, मी त्याला पाण्याचा पाइप दाखवला, शिट्टी वाजेल बघ आता म्हटलं. घरापर्यंत बडबडत गेलो आणि ती मागून चालत होती. तिच्या पायांचा आवाज आता आठवतोय.

गाडी थांबली की पोर मांडीवरून काढून घेणार. आणि मी महिनाभर तिच्या उशासमोर गाडी थांबवत होतो, रोज, दाणा हलणार नाही अशी.

२१ डिसेंबर, रविवार

बोललो. न बोलता राहवलं नसतं. निर्मला सकाळी बाजारात गेली तेव्हा सुकीजवळ बसलो आणि एवढंच म्हटलं, "भिलाडला ना?"

तिने छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"तू त्याला इंजिन दाखवत होतास," ती म्हणाली. "इतका हसत होतास. मग कसं सांगू? म्हटलं, घर येईपर्यंत असू दे याला पोरगा."

घर आलं तरी सांगितलं नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, घरी तू म्हणालास माझ्या खांद्यावर गेला, आणि ते धरून ठेवलंस. तुझ्या हातून ते काढून घेऊ कशी?

मी तिच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडलो. एवढ्या वर्षांचं एकदम. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं रडणं तेव्हाच आटलं असणार, घोलवडच्या आधीच. मला म्हणाली, आता उठ, निर्मला येईल, तिला वाटेल मी मेले.

२८ डिसेंबर, रविवार

डहाणू रोडचा फलाट उचकटून काढला. तिथे आता नुसता रूळ आहे. गाडी थांबत नाही.

शितलने विचारलं, आजा, एवढं घासून घासून बसवलं होतंस ना? मी म्हटलं, माप चुकलं होतं.

सुकी आता जेवत नाही. पेज दोन चमचे. बोलणंही तुटक झालंय, कधी झरीला असते, कधी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. गाडीचा आवाज मात्र तिला लागतो. बंद केली की हात चाळवतो, काहीतरी शोधल्यासारखा मांडीवर फिरतो. मोटर तापते म्हणून मधेच थांबवावी लागते, तेव्हा मी तिचा तो हात धरून बसतो. पुणेकराला फोन करून दुसरं इंजिन मागवलंय. कुठलं पाठवू, त्याने विचारलं. म्हटलं, कुठलंही चालेल, फिरत राहील असं पाठव. त्याने पुन्हा एकदा विचारलं. माझ्या तोंडून कुठलंही चालेल हे त्याने पहिल्यांदा ऐकलं.

४ जानेवारी, रविवार

आज दुपारी सुकीने डोळे उघडले आणि स्पष्ट विचारलं, "भिलाड आलं का रे?"

गाडी तेव्हा उंबरगावच्या कागदापुढे होती. मी आयुष्यभर गाडीची खोटी जागा कोणाला सांगितली नाही. केबिनमध्ये ते पाप होतं, त्याने माणसं मरतात.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता कुठे वापी सुटली."

तिने मान हलवली. मांडीवरची चादर नीट सारखी केली, जशी पोराच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून करतात. म्हणाली, "मग आहे अजून."

आहे ना, मी म्हटलं.

दिवसभर ती मधेमधे विचारत राहिली आणि मी दर वेळी वापीच सांगितलं. निर्मला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला काही कळलं नाही. तिला सांगायचं की नाही, ते नंतर बघू.

१० जानेवारी, शनिवार

सुकी काल गेली. शुक्रवारची जन्मलेली म्हणून सुकी, शुक्रवारीच गेली. सकाळ होती, ऊन खाटेपर्यंत आलं होतं, गाडी चालू होती. शेवटचं विचारलं तेव्हाही मी वापीच म्हटलं. त्यानंतर तिने विचारलं नाही.

झरीला नेलं. तिथेच तुक्याला पुरलं होतं. आता जागा नक्की कुठली ते मला ओळखता येईना, चिकूची झाडं वाढलीत. भिकीने काठीने दाखवलं.

आमच्यात माणसाच्या वापरातली वस्तू त्याच्यासोबत देतात. बायकांनी तिचं लुगडं, तंबाखूची डबी ठेवली. मी खिशातून शेवटचा डबा काढला, अर्धा सामानाचा, अर्धा बायकांचा, खालून तिसरी पट्टी तुटलेली, आणि तिच्या हाताखाली ठेवला. लोकांना वाटलं म्हातारा खुळावला. भिकीने कोणाला काही बोलू दिलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

शितल आली होती. म्हणाली, आजा, टेबल काढायचं का, खोली मोकळी होईल. राहू दे म्हटलं.

ती गेल्यावर गाडी लावली. इंजिन, चार डबे, मागे काही नाही. पुणेकर म्हणतो तसाच दुसरा करून पाठवतो. नको म्हणालो. गाडी अपुरी आहे, कोणीही जाणकार बघून सांगेल. वळणावर मागचा डबा थोडा उडतो, वजन नाही ना मागे.

खाट अजून तिथेच आहे. मी खाटेवर, तिच्या जागी बसलो. गाडी वापीहून निघाली, भिलाडला आली, भिलाडहून पुढे गेली. हात बटणाकडे गेला नाही.

"वापी सुटली," मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.